साहेबांकडचं जेवण

“आत पानं घेतायत,” ड्रायव्हर म्हणाला. “मंडपवाल्याला जेवायला थांबवलंय.”

“कटला मंडपवाला,” तोच पुढे म्हणाला आणि तो नि शेजारचा माणूस दोघंही हसले. मोठ्याने नाही. त्या बंगल्यात कुणीच मोठ्याने हसत नसे.

मंडपवाला म्हणजे माझे पप्पा. मी पोर्चमध्ये त्या दोघांपासून चार हातांवर, वेताच्या खुर्चीत बसले होते. माझ्या कानात इअरफोन होते आणि त्यांत काहीही वाजत नव्हतं. ही माझी कॉलेजपासूनची सवय. कानात काही असलं की लोक आपल्याशी बोलत नाहीत, आणि आपल्यासमोर मात्र सगळं बोलतात.

“ही कोण?” दुसऱ्याने विचारलं. तो बंगल्यावर नवा असावा. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती.

“त्याचीच पोरगी. कॉन्व्हेंटची आहे. गाणी ऐकतीय, तिला काय कळतंय आपलं.” मग ड्रायव्हरने त्याला, नव्या माणसाला कामाची पद्धत समजावून सांगावी तसं सांगितलं, “हे बघ, साहेबांना काम करायचं असलं की ते इथंच पोर्चमध्ये उभ्याउभ्या बोलतात. निघा म्हणतात. पाणीसुद्धा विचारत नाहीत. आणि नाही म्हणायचं असलं की जेवायला घालतात. भरल्या पोटी माणूस भांडत नाही. एवढी वर्षं बघतोय, एकदाही चुकलेलं नाही.”

“मग लोकांना कळत नाही?”

“सगळ्यांना कळतं. दुसऱ्यांदा पान वाढलं की माणूस समजतो आणि दुसरा दरवाजा बघतो. हा एकटाच दरवेळी येतो. आणि मागून घेऊन जेवतो.”

मला राग यायला हवा होता. पण मी राग यायच्या आधी गोष्टी पडताळून बघणारी आहे. मी फोनच्या काळ्या स्क्रीनकडे बघत, लहानपणापासून ऐकलेली साहेबांकडची सगळी जेवणं आठवू लागले.

आमचं घर विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून आत. आजोबांच्या वेळी ते गाव होतं, आता वॉर्ड आहे. पप्पांचा मंडपाचा धंदा. कनाती, खुर्च्या, गाद्या, लोड, स्टेज. साहेबांची आमच्या भागातली प्रत्येक सभा पप्पांच्या स्टेजवरून झाली. पप्पांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, महापालिकेचं तिकीट. खरं सांगायचं तर ते निवडून आलेही असते. आमच्या भागातल्या प्रत्येक घरातलं लग्न, बारसं आणि दहावा त्यांच्या खुर्च्यांवर पार पडलेला आहे. कुणाची म्हातारी गेली तर फोन आधी पप्पांना येतो, मग नातेवाइकांना.

दर निवडणुकीच्या तोंडावर पप्पा साहेबांकडे जात. घरी आले की पांढरा शर्ट खुंटीला लावत आणि आईला सांगत, “आज अळूची भाजी होती. वर मसालेभात. साहेबांनी स्वतःच्या हातानं वाढला.”

“आणि तिकिटाचं?” आई विचारायची.

“लक्षात हाय म्हनले.”

“त्यांच्या काय लक्षात राहतंय माहीत नाही. तुमच्या मात्र अळू राहिलं.”

ज्या वर्षी तिकीट एका बिल्डरच्या साडूला गेलं, त्या वर्षी श्रीखंड होतं. ज्या वर्षी आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाला गेलं, त्या वर्षी पुरणपोळी. पप्पा पुरणपोळीचं वर्णन करत होते तेव्हा बाहेर त्या नव्या उमेदवाराची रिक्षा भोंगा लावून फिरत होती. भोंगा आमचाच होता.

आणि एकदाच, फक्त एकदाच, साहेबांनी काम केलं होतं. माझं. खडकीच्या बाजूच्या एका कॉन्व्हेंटमध्ये मला प्रवेश मिळत नव्हता. पप्पा मला कडेवर घेऊन बंगल्यावर गेले होते. ती गोष्ट ते अजूनही सांगतात, थोडं वाईट वाटून. “त्या दिवशी साहेब लई घाईत होते. आत यासुद्धा म्हनले नाहीत. पोरगी कडेवर, बाहेर ऊन, पन पानी विचारलं नाही.” चार दिवसांत माझा प्रवेश झाला. पप्पांनी कधी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. मीसुद्धा नाही, त्या पोर्चमध्ये बसेपर्यंत.

साहेबांची कारकीर्द सांगायची तर त्यांनी काय केलं यापेक्षा ते केव्हा कुठे नव्हते, हे सांगणं सोपं आहे. ते एका शिकलेल्या घरातले वकील. वकिली फारशी केली नाही. नगरसेवक झाले, मग आमदार, मग राज्यमंत्री. मुख्यमंत्री बदलत गेले आणि साहेब राहत गेले, कारण प्रत्येक नव्या माणसाला वाटायचं की हा आपला नसला तरी त्यांचाही नाही. वर्तमानपत्रं त्यांना मवाळ म्हणत. मी शाळेत असताना मला वाटायचं मवाळ म्हणजे दयाळू. पुढे कळलं की खोलीत भांडण सुरू झालं की ज्याला बाहेर महत्त्वाचा फोन येतो, त्याला मवाळ म्हणतात.

टेकडीवर घरं बांधावीत की नाही यावरून शहरात वाद पेटला तेव्हा साहेबांनी भाषण केलं. टेकडी राहिली पाहिजे आणि माणसाला घरही मिळालं पाहिजे, असं म्हणाले. टेकडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बिल्डरांनीही वाजवल्या. मग त्यांनी एक समिती नेमली. त्या टेकडीवर आज ज्या इमारती आहेत त्यांतल्या एकीचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते झालं, आणि तिथेही ते टेकडी राहिली पाहिजे असंच म्हणाले. मंडप आमचा होता, म्हणून मला माहीत.

पक्ष फुटला तेव्हा त्यांच्या छातीत दुखू लागलं. मी हे उपहासाने लिहीत नाही. त्यांच्या छातीत खरंच दुखत असेल, मला कुठे दुखतं ते मी दुसऱ्याला विचारून ठरवत नाही. ते दवाखान्यात दाखल झाले. दोन्ही गटांचे पुढारी आळीपाळीने फुलं घेऊन आले आणि दोघांबरोबरचे फोटो छापून आले. पप्पा रोज डबा घेऊन जात आणि बाहेरच्या बाकावर बसून परत येत. ज्या गटाचं सरकार आलं त्याचा शपथविधी झाला आणि साहेबांना दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. प्रकृती उत्तम होती.

अशा माणसाचं काय करायचं? राज्यपाल करायचं. त्यांची पुण्यातली जागा कुणाच्या तरी मेहुण्याला हवी होती. दूरवरचं एक लहान डोंगराळ राज्य रिकामं होतं. बातमी आली त्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी एकच शब्द छापला होता, अजातशत्रू. ज्याने कुणाचं काही केलंच नाही, त्याला शत्रू येणार कुठून?

पुण्यात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी, मानपत्र. मंडप अर्थातच पप्पांचा. साहेबांनी भाषणाच्या शेवटी असंख्य अनाम कार्यकर्त्यांचे आभार मानले. पप्पा मंडपाच्या मागच्या बांबूला टेकून उभे होते. घरी येताना म्हणाले, “माझंच बोलत होते.”

“नाव घेतलं?” आईने विचारलं.

“अगं, अनाम म्हनले की.”

पुढच्या मे महिन्यात पप्पा आम्हाला साहेबांचं राजभवन बघायला घेऊन गेले. दोन रात्री रेल्वे, मग अर्धा दिवस जीप. पप्पांनी मांडीवर बाकरवडीची पेटी धरली होती. तेव्हा त्यांना पक्षाचं शहर उपाध्यक्षपद हवं होतं, तिकीट नाही तर निदान तेवढं. राजभवनाच्या दारात पांढऱ्या गणवेशातल्या एका अधिकाऱ्याने बाकरवडी ताब्यात घेतली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

साहेब बंद गळ्याच्या कोटात आले. पप्पांनी विषय काढताच त्यांनी हात वर केला. “मी आता घटनात्मक पदावर आहे. राजकारणाचं बोलणं मला शोभणार नाही.” त्यानंतर तासभर त्यांनी पुण्यातल्या राजकारणाची चौकशी केली. कोण कुणाला भेटलं, कोण कुणाच्या गाडीत दिसलं, कुणाचं कुणाशी फाटलं. पप्पांनी सगळं सांगितलं. मग साहेब म्हणाले, “इतक्या लांबून आलात, जेवूनच जा.”

ताटांना सोनेरी कडा होत्या. प्रत्येक ताटाशेजारी एक जाड मेन्यू कार्ड ठेवलेलं, वर राजमुद्रा. पप्पांनी वेटरला विचारून ते बरोबर घेतलं. पुण्यात येऊन लॅमिनेट केलं आणि आमच्या दुकानात गणपतीच्या फोटोखाली टांगलं. उपाध्यक्षपद दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. मेन्यू कार्ड अजून तिथेच आहे. टोमॅटो सूप, व्हेज कोर्मा, कॅरामल कस्टर्ड. गिऱ्हाइकं आगाऊ रक्कम देताना ते वाचतात.

साहेब तिथे असतानाच त्या राज्यात कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. राज्यपालांनी दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना वेगवेगळ्या दिवशी जेवायला बोलावलं, अशी बातमी आली होती. मी ती वाचून विसरले होते. पोर्चमध्ये बसल्यावर ती आठवली आणि माझं मलाच हसू आलं. ड्रायव्हरने वळून बघितलं. मी गाणं आवडल्यासारखी मान हलवली.

त्या दिवशी मी तिथे होते ते पप्पांच्या डोळ्यामुळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गाडी चालवायची नव्हती, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून आणलं. पुण्यात कित्येक वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली होती. साहेब मुदत संपवून पुण्यात परतले होते. दारावर पितळी पाटी होती, त्यात “माजी” हा शब्द बारीक आणि “राज्यपाल” मोठा. पक्षात त्यांना आता कामधाम नव्हतं, पण उमेदवार ठरवणारी मंडळी त्यांच्याच हाताखाली वाढलेली. त्यांचा एक फोन पुरेसा होता.

आणि या वेळी पहिल्यांदाच पप्पांकडे दुसरा दरवाजा होता. दुसऱ्या पक्षाचा शहराध्यक्ष आदल्या दिवशी स्वतः आमच्या दुकानात येऊन गेला होता. माणूस धड नव्हता, पण स्पष्ट होता. “तुम्ही या, तिकीट तुमचं. उद्या संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसरं नाव तयार आहे.” आईने त्याला पोहे दिले. तो गेल्यावर ती पप्पांना म्हणाली, “घ्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तारीख सांगितली.”

पप्पा म्हणाले, “साहेबांना न विचारता कसा जाऊ? त्यांचं नाही आलं तर मग बघू.”

म्हणजे पप्पांना साहेबांचं “हो” मिळालं तर उत्तम, “नाही” मिळालं तरी उत्तम. दोन्हीपैकी काहीही घेऊन ते संध्याकाळपर्यंत उभे राहू शकत होते. फक्त “लक्षात आहे” मिळालं तर दोन्हीकडून जाणार होते. पप्पांचं वय बघता पुन्हा पाच वर्षांनी कुणी पोहे खायला आलं नसतं. आणि आत, ड्रायव्हरच्या म्हणण्याप्रमाणे, पानं घेतली जात होती.

पप्पा दारात आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, चेहऱ्यावर आनंद. “ये गं आत. साहेब जेवायला थांबा म्हणतायत.” बंगल्यात पप्पांच्या “हाय”चं “आहे” होतं. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. त्या दिवशी त्या बंगल्याची वाटली.

जेवणाची खोली मोठी होती. भिंतीवर साहेबांचे फोटो, वेगवेगळ्या पक्षांच्या मोठमोठ्या माणसांबरोबरचे. प्रत्येक फोटोत साहेबांचं हसू तेवढंच, ना दात जास्त ना कमी. काचेच्या कपाटात सत्काराच्या शाली घडी करून ठेवलेल्या, दुकानात असतात तशा. टेबलावर तीन ताटं. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आमटी, आणि मध्ये झाकलेलं भांडं. पप्पांनी झाकणाकडे बघितलं. “बासुंदी,” साहेब म्हणाले.

मी बेसिनपाशी हात धूत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“Sit, beta,” साहेब मला म्हणाले. माझ्याशी ते नेहमी इंग्रजीत बोलत. “What are you doing these days?”

“Copy-editing,” मी म्हणाले. मी त्यांना काका, अंकल, साहेब यांपैकी कधीच काही म्हटलं नव्हतं. हाक न मारता बोलणं मला चांगलं जमतं.

“Very good.” ते पप्पांकडे वळले. “बोलत नाही फार.”

“लाजरी आहे,” पप्पा म्हणाले. “साहेब, ते आमच्या वॉर्डाचं...”

“अहो, आधी जेवा.” साहेबांनी स्वतः डाव उचलला आणि पप्पांच्या ताटात आमटी वाढली. त्यांचा हात अगदी स्थिर होता. “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पक्ष उभा आहे. मी आता निवृत्त माणूस. पण माणसं विसरत नाही मी.”

पप्पांचा फोन टेबलावर थरथरला. स्क्रीनवर त्या दुसऱ्या शहराध्यक्षाचं नाव मला माझ्या जागेवरून दिसलं. पप्पांनी एका डोळ्याने बघितलं आणि फोन पालथा घातला.

“घ्या हो, फोन घ्या,” साहेब म्हणाले. त्यांनाही नाव दिसलं होतं. त्यांच्या डोळ्यांची हालचाल मी बघितली. त्यांना सगळं माहीत होतं, कोण दुकानात आलं होतं, काय बोलून गेलं होतं. पुण्यात अशी बातमी पोह्यांच्या बशीआधी पोहोचते. हा माणूस पप्पांना तिकीटही देणार नव्हता आणि समोरच्याकडे जाऊही देणार नव्हता, आणि त्यासाठी त्याला फक्त एक वाटी बासुंदी लागणार होती.

“महत्त्वाचा नाही साहेब,” पप्पा म्हणाले.

फोन पालथा पडूनही थरथरत होता. काचेच्या टेबलावर तो सरकत सरकत आमटीच्या वाटीपर्यंत गेला आणि थांबला.

“तर तुमच्या वॉर्डाचं,” साहेब म्हणाले आणि झाकण काढलं. बासुंदीवर चारोळ्या होत्या. “तुमचं माझ्या लक्षात...”

पप्पा हसले. ते हसू मी आयुष्यभर बघितलंय, दर वेळी तेवढंच आनंदी, जणू वाक्य पहिल्यांदाच ऐकतायत. त्यांनी वाटी पुढे केली. साहेबांनी वाटीत बासुंदी ओतली, मग माझी वाटी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी ते मराठीत बोलले. “तू का उभी? बस. असं जेवल्याशिवाय जायचं नाही.”

मी घाबरले की इंग्रजीत विचार करते, आणि मग दोन भाषांच्या मध्ये गप्प बसते. शाळेने मला एवढंच शिकवलं असावं. शाळा याच माणसाने मिळवून दिली होती, उन्हात, पाणीही न विचारता. त्या दिवशी मात्र मला इंग्रजी काही सुचलं नाही. माझे हात ओले होते. मी ते ओढणीला पुसले. पप्पांचा चमचा वाटीत बुडलेला होता, अजून तोंडाकडे गेला नव्हता.

“आम्ही जेवणार नाही,” मी म्हणाले. “तुम्ही पप्पांना हो की नाही, एवढंच सांगा.”